खड्ड्यानंतरचा अर्धा सेकंद

रसग्रहण कवितेचं होतं, गाण्याचं होतं, फार तर एखाद्या चित्रपटाचं. मोटारीत बसण्याच्या सुखाचं रसग्रहण सहसा कुणी करत नाही. आपल्याकडे गाडीची चर्चा ‘किती देते?’ इथं सुरू होते आणि ‘विकताना किती येतील?’ इथं संपते. मधल्या जागेत हल्ली सनरूफ आलं, मोठा पडदा आला, पाठीला गार वारा देणाऱ्या सीट आल्या. रस्त्यावरचा दणका आत बसलेल्या माणसापर्यंत कसा पोचतो, या गोष्टीला मात्र माहितीपत्रकात एकच ओळ मिळते : पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. त्या ओळीमागे काही माणसांनी वर्षं घातलेली असतात. स्प्रिंग किती ताठ ठेवायची, शॉकॲब्सॉर्बरमधलं तेल किती बारीक वाटेनं जाऊ द्यायचं, रबरी बुश किती जाड घ्यायचा, यावर त्यांनी एकमेकांशी वाद घातलेले असतात. त्यांची नावं कुठंही छापली जात नाहीत. आमच्या घरी मध्यंतरी जुनी गाडी बदलायची चर्चा सुरू झाली आणि बदलायचं कारण एकच : ती आपटत होती. त्यामुळं ही बिननावाची कारागिरी नीट वाचून बघायची वेळ आली.

पहिली गाडी माणूस स्वतः चालवणार म्हणून घेतो. दुसरी गाडी बहुधा मागं बसणाऱ्यांसाठी घ्यावी लागते. तोवर आईचे गुडघे आणि घरच्यांच्या कमरा बोलायला लागलेल्या असतात.

वाचायचं तर आधी रस्ता वाचला पाहिजे. आमचं कबनूर हे इचलकरंजीला इतकं चिकटलेलं गाव आहे, की शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं हे नवख्याला पाटीशिवाय कळत नाही. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं मागांचा खडखडाट आसपासच्या गावांतही पसरला. घराला लागून मागाचं खातं, दारात सूत उतरवणारा टेम्पो, शेजारून सुताचा बीम घेऊन जाणारी रिक्षा आणि त्यातून वाट काढणारी आपली मोटार, असा हा मुलूख. माग दुरुस्त करणारा इथला जॉबर खात्यात शिरला की कुठला माग बिघडलाय हे त्याला खडखडाटातूनच कळतं. हात नंतर लावतो. गाडी निवडताना असाच कान लागतो. फक्त तो कान पाठीत आणि बुडाखाली असावा लागतो.

गावातल्या गावात गाडीचा वेग ताशी वीस-पंचवीस. तेवढ्यात स्पीडब्रेकर, पाण्याची पाइपलाइन टाकायला तिरका खणलेला आणि मुरूम टाकून बुजवलेला चर, मध्येच पेव्हिंग ब्लॉक. गावाबाहेर पडलं की काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळं तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी लांबलांब लाटा घेत जातो. त्यात ऊस सुरू झाला की गंगानगरचा पंचगंगा कारखाना आणि हुपरीचा जवाहर कारखाना यांच्याकडं दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर निघतात आणि रस्त्याच्या कडा खचवत जातात. यापुढं हमरस्ता. आणि सुट्टीत कोकणात उतरायचं म्हटलं की गगनबावडा नाहीतर आंबा घाट. एकाच गाडीनं हे सगळे मजकूर वाचून दाखवायचे असतात आणि प्रत्येकाचा छंद वेगळा.

आता या मजकुरातला एकच शब्द घेऊ : स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसनं त्याचं माप सांगून ठेवलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, मधली उंची दहा सेंटिमीटर, वरचा बाक सतरा मीटर त्रिज्येचा. ताशी पंचवीस किलोमीटरनं येणारी गाडी त्यावरून सुखानं जावी, असा त्या मापामागचा हिशेब. तीन पूर्णांक सात मीटर म्हणजे छोट्या मोटारीच्या लांबीएवढा चढउतार. तो पाठीला टोचत नाही, फक्त उचलून ठेवतो. आपल्या गल्लीत जो असतो तो हातभर रुंद आणि अर्ध्या वितीच्या आसपास उंच. अपघात झाला, चार माणसं जमली, रात्रीत डांबर ओतलं, झाला ब्रेकर. उंची साधारण तीच आणि रुंदी सातवा-आठवा हिस्सा. म्हणजे जो धक्का अर्ध्या सेकंदात पसरून यायला हवा, तो डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात येतो.

तो येतो तेव्हा गाडीत काय काय घडतं, हे सावकाश बघण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी टायर दबतं. गाडीच्या सुखातला हा पहिला आणि सगळ्यात स्वस्त भाग, आणि नेमका तोच हल्ली देखणेपणासाठी कापला जातो. टायरच्या अंगावर आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५. टायर १८५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के उंच, रिम पंधरा इंची. गुणाकार केला की भिंत १२० मिलिमीटर निघते. आता स्विफ्टच्या मागच्या पिढीचं उदाहरण घ्या. खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ टायर होतं, वरच्याला १८५/६५ आर १५. बलेनोत खालच्या व्हेरियंटना हेच पंधरा इंची आणि वरच्यांना १९५/५५ आर १६. ही तिन्ही टायरं बाहेरून मोजली तर जवळजवळ एकाच व्यासाची, ६२ सेंटिमीटरच्या आगेमागे. फरक आत आहे. भिंतीची उंची अनुक्रमे १३२, १२० आणि १०७ मिलिमीटर. म्हणजे पैसे वाढत जातात तशी रस्ता आणि धातू यांच्यामधली हवेची गादी पातळ होत जाते. वरच्या व्हेरियंटचं अलॉय व्हील फोटोत छान दिसतं, यात वाद नाही. पण अरुंद ब्रेकरची तीक्ष्ण कड, चराची धार, पेव्हिंग ब्लॉकची खडखड हे सगळं स्प्रिंगपर्यंत पोचायच्या आधी गिळायचं काम या भिंतीचं असतं. आमच्यासारख्या गावात तिचे पंचवीस मिलिमीटर सनरूफपेक्षा मोलाचे आहेत.

टायरनं गिळून उरलेला धक्का स्प्रिंगकडं जातो. स्प्रिंग दबते आणि धक्का साठवून ठेवते. साठवलेलं परत द्यावंच लागतं. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका ब्रेकरनंतर ती पुढच्या चौकापर्यंत वरखाली होत जाईल. म्हणून शेजारी शॉकॲब्सॉर्बर, आपल्या मिस्त्रीच्या भाषेत शॉकअप. नावात शॉक असला तरी धक्का झेलायचं मुख्य काम त्याचं नव्हेच. स्प्रिंगचं परत येणं सावकाश करायचं, हे त्याचं काम. आतलं तेल बारीक वाटांतून ढकललं जातं, गरम होतं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन हवेत जाते. दबताना हात थोडा सैल, उलट येताना घट्ट, असा त्याचा स्वभाव मुद्दाम ठेवलेला असतो. एखादी गाडी बसायला चांगली आहे असं आपण म्हणतो, तेव्हा आपण बहुतेक वेळा या परतीचंच कौतुक करत असतो. ब्रेकर लागला हे कळायलाच हवं. तो लपवणारी गाडी आपल्याला परवडणाऱ्यांत नाही. पण लागल्यावर गाडी एकदा खाली येते आणि तिथंच थांबते, की अजून एकदा उसळते, मग डोकं हलवते, मग कुठं शांत होते? खड्ड्यानंतरच्या त्या अर्ध्या सेकंदात कारागीर ओळखू येतो.

अर्धा सेकंद मी उगाच म्हणत नाही. मोटारीचं शरीर आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली व्हावं अशी रचना असते. माणसाला तेवढं सोसतं. म्हणजे एक पूर्ण हेलकावा पाऊण-एक सेकंदाचा आणि अर्धा हेलकावा चार दशांशाच्या आसपास. आता स्विफ्ट किंवा डिझायरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर आहे. ताशी पंचवीस किलोमीटरनं जाताना पुढचं चाक चढल्यावर मागचं चाक त्याच ब्रेकरवर चढायला सुमारे ०.३५ सेकंद लागतो. म्हणजे पुढची बाजू उसळून खाली यायला लागते, नेमकी तेव्हाच मागची बाजू वर फेकली जाते. गाडी मान डोलावते. तीच गाडी ऐंशीच्या वेगात नेली तर हे अंतर एका दशांश सेकंदात कापलं जातं, दोन्ही टोकं जवळजवळ बरोबर उचलली जातात, आणि गाडी एकदम शहाण्यासारखी वागू लागते. ‘हायवेला एक नंबर आहे, गावात जरा आपटते’ असं वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, त्याचा उलगडा इथं आहे.

हे डोलणं कागदावर पकडणारा माणूस म्हणजे मॉरिस ऑली. इंग्लंडचा, आधी रोल्स रॉइसकडं होता, १९३० साली अमेरिकेतल्या कॅडिलॅककडं गेला. त्यानं एका लांबलचक गाडीवर पुढंमागं वजनं सरकवता येतील अशी सोय केली आणि कुठल्या मांडणीत माणसाला बरं वाटतं हे बसून-बसून तपासलं. निष्कर्ष ऐकायला उलटा वाटतो : पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा मऊ हव्यात. पुढची बाजू आधी आणि सावकाश हलते, मागची नंतर पण भराभर हलते, त्यामुळं मागची पुढचीला गाठते आणि दोघी मिळून सरळ वरखाली होतात. डोलण्यापेक्षा सरळ वरखाली होणं माणसाला कितीतरी सुसह्य असतं. पुढं १९३४ च्या मॉडेलांपासून कॅडिलॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सनं पुढची दोन चाकं सुटी-सुटी हलणारी केली, त्यामागं ऑलीचं हे काम होतं. आजही चांगल्या गाडीत बसल्यावर पाठीला जे बरं वाटतं, त्यात त्याचा वाटा आहे.

चाकांमधलं अंतर वाढवलं की हा प्रश्न निम्मा सुटतो, पण ते वाढवायला आपल्या सरकारी कराची आडकाठी आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना कमी कर लागू लागला, आणि तेव्हापासून भारतातल्या निम्म्या गाड्यांचं शेपूट कापलं गेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत तीच रेघ अधिक ठळक झाली : चार मीटरच्या आत आणि पेट्रोल बाराशे सीसीपर्यंत, डिझेल पंधराशे सीसीपर्यंत १८ टक्के, त्यापुढं ४० टक्के. चार मीटरमध्ये इंजिन, पाच माणसं आणि डिकी बसवायची म्हणजे चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपासच राहणार. स्विफ्टचं २.४५, ब्रेझाचं २.५०, बलेनोचं २.५२. होंडा सिटी ही रेघ ओलांडते आणि २.६० वर जाते. इनोव्हा क्रिस्टा २.७५ वर. कबनूरच्या ब्रेकरवर आपली मान किती हलावी, याचा एक भाग दिल्लीत ठरतो तो असा.

जुन्या गाड्यांविषयी आपल्या बोलण्यात जे हळवेपण येतं, तेही जरा तपासून घ्यावं. ‘ॲम्बॅसिडरसारखी बैठक आता नाही’ हे वाक्य प्रत्येक लग्नघरात एकदा तरी ऐकू येतं. १९५८ ते २०१४ एवढा काळ जी गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या सांगाड्यावर तगली, तिच्यात तंत्र म्हणून फार काही नव्हतं. मागं पाटे, म्हणजे ट्रकला असतात तसेच एकावर एक बांधलेले. पुढं टॉर्शन बार. पण पंधरा इंची चाकावर उंच भिंतीची टायरं, जड शरीर, लांबरुंद मागची सीट, आणि मुख्य म्हणजे वेग कमी. जड शरीराखाली हलकी चाकं असली की चाकांची धडपड शरीराला जाणवत नाही. लहान हलक्या गाडीत चाकाचं वजन शरीराच्या मानानं जास्त भरतं आणि प्रत्येक खडा आत कळतो. म्हणजे आपल्या आठवणीतलं सुख खरं होतं. फक्त ते वजनाचं आणि टायरचं होतं; ब्रँडची त्यात काही जादू नव्हती. त्याच आठवणीत वळणावर गाडीचा कल, ब्रेक लागायला लागणारा वेळ आणि पाट्यांची करकर मात्र नसते. (कोल्हापुरात दसऱ्याला न्यू पॅलेसवरून दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक बघून ‘काय राजेशाही चालते’ असं सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. पण त्या वेगात आमचा छोटा हत्ती टेम्पोसुद्धा राजेशाहीच चालेल.)

या विषयावरचं माझं सगळ्यात आवडतं पान मात्र फ्रान्समधलं आहे. सिट्रोएनचा प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यानं शेतकऱ्यांसाठी गाडी करायला सांगितली तेव्हा घातलेली अट जगभर प्रसिद्ध आहे : अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या रानातून गाडी न्यायची, एकही अंडं फुटता कामा नये. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी, टू सीव्ही, लोकांपुढं आली आणि लोक तिच्या पत्र्याला हसले. अट घालणाऱ्यानं तंत्राचं अक्षरही उच्चारलेलं नाही, हे बघा. स्प्रिंग कसली, किती, कुठं, काही नाही. रान, टोपली, अंडी. ज्याला गाडी वापरायची आहे त्याच्या आयुष्यातल्या तीन वस्तू. उत्तर अभियंत्यांनी शोधायचं. त्यांनी ते शोधलं तेही तितकंच सुंदर : एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक गाडीच्या पोटाखाली आडव्या बसवलेल्या स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडलं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की तो धक्का मागच्या चाकाला आधीच कळतो आणि गाडी मान डोलावत नाही. ऑलीनं वजनं सरकवून जे मिळवलं, ते इथं या जोडणीनं मिळालं. याच कंपनीची सी फाइव्ह एअरक्रॉस २०२१ मध्ये भारतात आली, तेव्हा शॉकॲब्सॉर्बरच्या दोन्ही टोकांना तेलाचेच जादा थांबे बसवून आली होती. मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग तळाला टेकते तेव्हा जो ‘ठक्’ होतो, तो त्यात होत नसे. गाडी उत्तम, किंमत आमच्या गावाला न झेपणारी. तिच्यापेक्षा स्वस्तात आणि आधी, २०१२ साली, रेनॉच्या डस्टरनं भारतीय खड्ड्यांना दिलेलं उत्तर लोकांना आजही आठवतं. २०२२ पर्यंत ती पहिली डस्टर चालली.

आपण गाडी घ्यायला जातो तेव्हा आपल्या अंड्यांची टोपली कोणती, हे आधी ठरवावं लागतं. आमच्याकडं हे लवकर ठरलं नाही, कारण उंच गाडी म्हणजे आरामाची गाडी या समजानं घरातल्या तरुण मंडळींना पछाडलं होतं. उंच गाडीत चढउतार सोपा, हे खरं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो मोठाच दिलासा. खाली पोट घासत नाही, हेही खरं. पण उंचीनं दणका कमी होत नाही. उंच गाडी वळणावर कलू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा ताठ कराव्या लागतात. मग एक चाक चरात गेलं की डोकं खिडकीकडं फेकलं जातं. बसलेल्या माणसाला आडवं हलणं सेकंदाला एक-दोनदा झालं तर सगळ्यात जास्त त्रास देतं, आणि तिरका चर नेमकं तेच करतो. बोलेरोसारखी मागं पाटे असलेली गाडी सात माणसं आणि बाजार भरल्यावर शांत चालते, एकटा चालक असेल तर टणाटण उडते. तिच्यावर टीका म्हणून हे सांगत नाही. ओझ्यासाठी केलेली गाडी ओझ्याखालीच खुलते. चार माणसांच्या घरानं वर्षातून दोनदा पाहुणे येतात म्हणून सात सीटची गाडी घेतली, तर उरलेले सगळे दिवस रिकाम्या गाडीचे दणके खायचे. महिंद्रानं २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये चारही चाकं सुटी हलणारी दिली आणि बारीक खडखड व मोठी उसळी वेगवेगळी ओळखणारे शॉकॲब्सॉर्बर दिले, तेव्हा उंच गाडीही मऊ होऊ शकते हे दिसलं. पण मग ती लांबी आणि तो कर.

बहुतेक परवडणाऱ्या गाड्यांत मागं टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळली जाणारी एक आडवी तुळई. डाव्या चाकाचं दुःख थोडंफार उजव्या चाकाला कळतंच. तिला नाकं मुरडण्याचं कारण नाही. नीट जुळवलेली तुळई आळशीपणानं जुळवलेल्या, चाकं सुटी ठेवणाऱ्या महागड्या मल्टिलिंक रचनेपेक्षा चांगली बसते. फक्त मागं बसणारा माणूस मागच्या चाकाच्या जवळ असतो हे लक्षात ठेवायचं. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून इचलकरंजी-कोल्हापूर केलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तो बाक चाकाच्याही मागं लोंबकळतो, म्हणून ड्रायव्हरला जो नुसता ठोका लागतो तो तिथं माणसाला हवेत उचलतो.

तर मग मऊ, अजून मऊ, असं करत जावं का? इथं घाट आडवा येतो. गाडीचं हलणं फार संथ झालं, पाच सेकंदांत एक हेलकावा असं, की माणसाला गाडी लागते. गगनबावड्याच्या वळणांवर कलंडत, सावकाश डुलत जाणाऱ्या गाडीत मागच्या सीटवरची पोरं आधी गप्प होतात आणि मग पिशवी मागतात. दुसऱ्या टोकाला सिमेंटचे रस्ते आहेत. त्यांचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ६५ किलोमीटरनं जाताना सेकंदाला चार सांधे लागतात, १३० ला आठ. आणि बसलेल्या माणसाच्या शरीराला उभं हलणं सगळ्यात जास्त त्रासदायक वाटतं ते नेमकं सेकंदाला चार ते आठ वेळा. पोट आणि पाठीचा कणा त्या तालावर स्वतःच थरथरायला लागतात. नवाकोरा सिमेंट रस्ता असूनही लांबच्या प्रवासात अंग का आंबतं, याचं एक कारण हे. तिथं स्प्रिंगपेक्षा टायर आणि सीटचा फोम कामाला येतो. बोटानं दाबल्यावर मऊ लागणारी सीट तासाभरात तळाला टेकते. दाट फोमची, मांडीला गुडघ्यापर्यंत आधार देणारी सीट शोरूममध्ये कडक वाटते आणि पुण्याच्या वाटेवर सातारा ओलांडल्यावर तिची किंमत कळते.

विजेच्या गाड्यांचं एका वाक्यात : बॅटरीचं वजन तळाशी असल्यानं त्या फारशा कलत नाहीत, पण ते वजन पेलायला स्प्रिंगा ताठ लागतात, आणि इंजिनाचा आवाज नसल्यानं खालची प्रत्येक ‘खट्’ स्पष्ट ऐकू येते.

एक गोष्ट मात्र गाडी बदलण्याच्या आधी करावी. आपटणाऱ्या जुन्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्या मुळात आपटणाऱ्या नसतात. पंपावरचा पोरगा विचारतो, ‘किती मारू, आण्णा?’ आणि आपण ‘पस्तीस, चाळीस, मार की’ म्हणून मोकळे होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं हवेचा आकडा चिकटवलेला असतो, दोन माणसांसाठी वेगळा, भरलेल्या गाडीसाठी वेगळा; तो वाचायचा. मग बॉनेटचा कोपरा जोरानं दाबून सोडायचा. वर येऊन थांबला तर शॉकअप जिवंत आहे. परत-परत उसळला तर गेला. मग लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड तपासायचे. टायर सहा-सात वर्षांचं झालं असेल तर रबर लाकूड झालेलं असतं. हे सगळं बदलायला लागणारे पैसे नव्या गाडीच्या किमतीपुढं काहीच नसतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या फाउंड्र्या देशभरच्या गाड्यांसाठी बिडाचे सुटे भाग ओततात. या कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसानं आपल्याच गाडीखाली एकदा वाकून बघायला लाजू नये. आम्ही हे सगळं केलं. गाडी सुधारली, पण तिचा मूळ स्वभाव आखूड आणि ताठ. तो बदलत नाही. तेव्हा चर्चा पुन्हा नव्या गाडीवर आली. जुनी गाडी जुन्या बाजारात बघणाऱ्यांनी मात्र २०१९ आणि २०२१ चा पूर विसरू नये. पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत करता येते; सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज आणि बुशमध्ये शिरलेला गाळ लपत नाही.

टेस्ट ड्राइव्हची पद्धतच अशी आहे, की तिच्यातून बैठकीचं काही कळू नये. शोरूम हमरस्त्यावर, गाडी वरच्या व्हेरियंटची, म्हणजे सगळ्यात पातळ टायरांची, पुढच्या सीटवर सेल्समन, स्टिअरिंग आपल्या हातात. ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याला खड्डा आधी दिसतो, त्याचं अंग आपोआप सावध होतं. मागं बसलेल्याला तो न सांगता येतो. म्हणून आम्ही सेल्समनला गाडी घरी आणायला लावली. ‘सर, रस्ता इकडं जरा खराब आहे,’ असं तो म्हणाला, आणि तेच तर बघायचं होतं. घरचं माणूस चालवायला, चौघं आत, आई मागं. आधी तोच तिरका चर, मग गल्लीतला ब्रेकर एकदा सरळ आणि एकदा तिरका, मग काळ्या मातीतला लाटांचा रस्ता साठनं. आईनं एका गाडीला ‘ही बरी, पण उतरल्यावर डोकं जड होतंय’ असं म्हटलं. डुलणारी गाडी होती ती. तिच्या वाक्यात ऑलीचा सगळा प्रयोग आला. दुसरीला म्हणाली, ‘हिच्यात दणका कळतो, पण परत येत नाही.’ शॉकॲब्सॉर्बरवर मी इतकी पानं वाचली, पण यापेक्षा नेमकी समीक्षा मला कुठं सापडली नाही.

दुसरीच घेतली. चार मीटरच्या आतलीच, मधल्या व्हेरियंटची, पंधरा इंची रिमची. वरच्या व्हेरियंटचं सोळा इंची अलॉय आणि सनरूफ सोडून दिलं, त्यातून वाचलेले पैसे विम्याला आणि चांगल्या टायरांना ठेवले. पोरांची नाराजी अजून गेलेली नाही. तुम्ही गाडी बघायला जाणार असाल, तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मागच्या सीटवर बसवून आपल्याच गल्लीतल्या सगळ्यात वाईट ब्रेकरवरून न्या, आणि बुकिंगचा चेक त्यांच्या होकारानंतरच फाडा.